आवाज ऐकून थांबणाऱ्याला बोल लावू नका



1 जूनपासून बंदी लागली. बोटी वर ओढल्या, जाळी विणायला बसली, आणि 31 जुलैपर्यंत आपल्या सगळ्यांकडे थोडा निवांत वेळ आहे. बंदीत आपण बोटीचं इंजिन उघडतो, रंग काढतो, फळ्या बघतो. या वेळी गाडीच्या इंजिनाबद्दलही बोलायचं आहे. संस्थेची पिकअप असो, नाहीतर कुणी हुबळीहून आणलेली सेकंडहँड कार असो. बोलायचं कारण चांगलं नाही. आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नव्हे.

गेल्या फेब्रुवारीत आपली पिकअप कळघटगीच्या अलीकडे बंद पडली, हे बहुतेकांना माहीत आहे. रात्री बंदरावर क्रेट भरले, बर्फ टाकला, गाडी अंकोल्यावरून आरबैल घाट चढून यल्लापूरला गेली. कारवार ते हुबळी सुमारे 165 किलोमीटर. पहाटेच्या लिलावाला पोचायचं म्हणजे मध्ये चहालासुद्धा थांबायची सोय नसते. घाट चढतानाच इंजिनातून ठक ठक आवाज यायला लागला होता. यल्लापूरला थांबावं असं ड्रायव्हरच्या मनात आलं, पण तो थांबला नाही. पुढे तेलाचा लाल दिवा लागला आणि थोड्याच अंतरात इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मिळवून बांगडा हुबळीला पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. माल पडेल त्या भावात द्यावा लागला. क्रँक घासून, शेल बदलून इंजिनाचं बिल आलं 68 हजारांच्या वर.

त्या महिन्याच्या सभेत इतिवृत्तात आम्हीच लिहिलं, ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान’. आणि त्याच्या पगारातून दरमहा 1,500 रुपये कापायचं ठरलं. आतापर्यंत चार हप्ते कापून झाले.

नंतर एकदा त्या मुलाशी शांतपणे बोलणं झालं. ‘आवाज आला तेव्हाच का नाही थांबलास?’ असं विचारलं. तो म्हणाला, “साहेब, दिवाळीच्या आधी एकदा थांबलो होतो. तेव्हा बेल्टचा आवाज होता. अर्धा तास उशीर झाला म्हणून तुम्हीच फोनवर बोललात आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. म्हणून या वेळी थांबलो नाही.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग गाडीची वही काढून बघितली. इंजिन ऑइलची पट्टी शेवटची कधी बघितली, त्याची नोंदच सापडली नाही. ती कुणी बघायची हेही कधी ठरलेलं नव्हतं. मेस्त्रीने इंजिन खोललं तेव्हा सांगितलं होतं की ऑइल फार कमी होतं. इंजिनात क्रँक आणि शेल यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो, त्या थरावरच क्रँक फिरतो. तेल कमी असलं की सपाट रस्त्यावर कसंबसं भागतं. पण चढावर आणि वळणावर तेल एका बाजूला जातं, खालची जाळी हवा ओढते, दाब पडतो आणि लोखंड लोखंडावर घासतं. म्हणजे आरबैल घाटात जो ठक ठक आवाज आला, तो इंजिनाने दिलेला शेवटचा इशारा होता. तो कानावर पडलेला एकच माणूस गाडीत होता, आणि थांबायचं नाही हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. गाडीचा आवाज कशाचा हे ओळखणं घरच्या घरी बऱ्याच अंशी जमतं, पैसे लागत नाहीत. पण त्याच्या आधी, आवाज आला म्हणून थांबणाऱ्याला बोल लावायची आपली सवय गेली पाहिजे. नाहीतर कान असून उपयोग नाही.

आता कोणी म्हणेल, हे मेस्त्रीचं काम, आपण मासेवाले. तर मंडळी, कानाने पारखायचं काम आपल्याला नवीन आहे का? बाजारात मडकं घेताना घरातली बाई बोटाने वाजवून बघते. खणखणीत वाजलं तर घेते, भद्द वाजलं तर ठेवून देते. रेल्वेचा मोठा वर्कशॉप हुबळीत ब्रिटिशांच्या काळापासून आहे. रेल्वेत पूर्वी लांब दांड्याचा हातोडा घेऊन माणसं डब्यांच्या चाकांवर ठोकत जायची. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आणि आपल्या धंद्यात तर पाण्यातला आवाज आहे. घोळ आणि ढोमा हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीने ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. मलेशियाच्या तेरेंगानू किनाऱ्यावर ‘जुरू सेलाम’ नावाची माणसं पाण्यात डोकं घालून तो आवाज ऐकायची आणि जाळं कुठे टाकायचं ते सांगायची. बोटीवर तांडेल झोपेतसुद्धा इंजिनाचा सूर बदलला की उठून बसतो. तोच कान गाडीला लावायचा आहे.

हुबळी-धारवाडचं नाव तर गाण्यामुळे देशभर आहे. पंडित भीमसेन जोशी गदगकडचे, हुबळीजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणं शिकले. त्यांना गाड्यांचं मोठं वेड होतं आणि गाडीच्या यंत्रातलंही चांगलं कळत होतं. एवढ्या मोठ्या गायकाला बॉनेटखाली वाकायला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

ऐकून काय होतं याचं एक चांगलं उदाहरण आपल्यातलंच आहे. एका सभासदाच्या सेकंडहँड कारमधून चट चट आवाज यायला लागला. हुबळीतल्या एका गॅरेजात सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. घरी चिंता सुरू झाली. त्या सभासदाची बायको रोज सकाळी अंगण झाडताना गाडी सुरू झालेली ऐकायची. ती म्हणाली, “सकाळी थंडीत आवाज जास्त असतो, दहा मिनिटांनी कमी होतो. इंजिन खराब असतं तर गरम झाल्यावर वाढला असता ना?” आमच्या बोटीवरच्या एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी जाऊन बघितलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडतो तिथे काळी काजळी धरली होती. गॅस्केट फुटलं होतं. थंड असताना फट मोठी, गरम झाल्यावर लोखंड फुगून फट कमी, म्हणून आवाजही कमी. गॅस्केट बदललं, काही शे रुपयांत काम झालं. वहिनींनी बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं. त्यांनी आवाज कधी वाढतो आणि कधी कमी होतो एवढंच ध्यानात ठेवलं होतं, आणि निम्मं निदान तिथेच झालं.

तर घरी काय करायचं ते क्रमाने सांगतो. गाडी मोकळ्या जागेत, सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस झोपल्यासारखा जातो.

पहिलं काम ऐकायचं नाही, बघायचं आहे. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी तेल भरा, मग बाकीचं. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी सुरू करू नका. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाल दिवा तेल कमी झाल्याचं सांगत नाही, तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. म्हणजे फार उशिरा सांगतो. चालत्या गाडीत तो दिवा लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ हा विचार करायचा नाही. आम्ही त्याची किंमत दिली आहे.

दुसरं, आवाज इंजिनाचाच आहे का ते ठरवा. गाडी उभी असताना इंजिन चालू करा. आवाज येत नाही, फक्त चालताना येतो, तर चाकाचं बेअरिंग, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट यांच्याकडे बघायचं. उभ्या गाडीत येत असेल तर क्लच दाबून बघा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर थांबला तर रोग बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला. एवढ्यावरच पुष्कळ वेळा इंजिन निर्दोष सुटतं.

तिसरं, थंड आणि गरम. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना एकाने आत बसावं, एकाने बाहेर उभं राहावं. डिझेल इंजिन थंड असताना जरा खडखडतंच, ते त्याचं बोलणं आहे. गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुतेक वेळा तितका घातक नसतो, पण कारण शोधायचंच. गरम झाल्यावर आणि ओझं पडल्यावर वाढणारा, खोलातून येणारा ठक ठक हा सगळ्यात वाईट. तो कनेक्टिंग रॉडच्या किंवा मेन बेअरिंगच्या शेलचा असू शकतो. तो ऐकला की गाडी घाटात घालायची नाही, टो करून न्यायची.

चौथं, आवाजाची जात. टिक टिक असा बारीक, शिलाई मशीनसारखा, इंजिनाच्या वरच्या भागातून येणारा बहुधा टॅपेटचा. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो, म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनाच्या मानाने सावकाश लागतो. चिर्र असा, सुरू करताना किंवा लाइट लावल्यावर येणारा बेल्टचा. घर्र घर्र असा सतत, वेगाबरोबर चढणारा बेअरिंगचा, मग ते अल्टरनेटरचं असेल किंवा वॉटर पंपाचं. पत्र्यासारखा खडखड असेल तर आधी सायलेन्सरवरचं संरक्षक पत्र बघा, बोल्ट सैल झालेला असतो. आपल्या खाऱ्या हवेत ते पत्र लवकर गंजतं, आणि माणूस इंजिन गेलं म्हणून घाबरतो.

पाचवं, जागा शोधणं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या. टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेका, मूठ कानामागच्या हाडाला लावा. मग वॉटर पंपावर, मग टॅपेट कव्हरवर. जिथे सगळ्यात मोठा ऐकू येतो तिथे आजार. डॉक्टर छातीवर नळी ठेवतो तसंच हे. पण फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब राहा. ओढणी, पदर, लुंगी, सैल बाही, मोकळे केस यांपैकी काही जवळ नको. पंखा इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांत आपोआप फिरतो. पोरांना लांब ठेवा.

सहावं, बेल्टचा संशय असेल तर चालू बेल्टच्या आतल्या, रेघांच्या बाजूवर लांबूनच थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर बदलला तर रोग बेल्टकडे, पुलीकडे किंवा ताण देणाऱ्या चाकाकडे आहे. दिवाळीआधी आपल्या पिकअपला हेच झालं होतं आणि ड्रायव्हरने बरोबर ओळखलं होतं. वॉटर पंप त्या बेल्टवर चालत असेल तर बेल्ट तुटल्यावर घाटात इंजिन तापून बसतं. म्हणजे त्या दिवशी तो थांबला ते योग्यच होतं. पगार कापला तो चुकून.

आता काय करू नये. जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल इंजिनात मेस्त्री लोक एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करून बघतात. ज्याचं सैल केल्यावर ठोका कमी होतो तो सिलिंडर आजारी. बोटीवरच्या लेलँडसारख्या इंजिनांवर आपल्यातल्या जाणत्या माणसांनी हे केलेलं आहे. पण आताच्या कॉमन रेल गाड्यांना हा प्रयोग कधीही करू नका. त्या पाइपात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, यावरून समजा. ती धार कातडी फोडून आत घुसते, बाहेरून बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि हात कापायची वेळ येते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. घरच्या निदानाची हद्द ऐकण्यापर्यंत आणि बघण्यापर्यंत, खोलण्यापर्यंत नाही.

मग एवढं करून मिळतं काय? मेस्त्रीकडे जाताना ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगणारा माणूस आणि ‘थंड असताना येतो, क्लच दाबून फरक नाही, अल्टरनेटरजवळ मोठा आहे, हा मोबाइलवर रेकॉर्ड केलाय’ असं सांगणारा माणूस, या दोघांच्या बिलात फरक पडतो. चांगल्या मेस्त्रीला अशी माहिती हवीच असते, त्याचा वेळ वाचतो. गोकुळ रोडवर बसलेल्या जुन्या मेस्त्रींना विचारा, आधी ते तुम्हालाच दहा प्रश्न विचारतील. आणि एखादा काही न ऐकता थेट ‘इंजिन खोलू’ म्हणत असेल, तर दुसऱ्याला दाखवायची हिंमत आपल्याला येते.

काही बोटमालकांचं म्हणणं आम्हाला माहीत आहे. ‘प्रत्येक आवाजाला ड्रायव्हर थांबायला लागला तर लिलाव कोण गाठणार? थांबायला निमित्तच मिळेल.’ म्हणणं अगदी खोटं नाही. उशीर झाला की बांगड्याचा भाव पडतो आणि तो तोटा मालकाच्याच अंगावर येतो. पण हिशेब मांडून बघा. बेल्टसाठी थांबण्यात अर्धा तास गेला होता. न थांबण्यात इंजिन गेलं, त्या दिवसाचा लिलाव गेला आणि पुढचे कितीतरी दिवस भाड्याच्या गाडीने माल पाठवावा लागला. कामचुकार माणूस ओळखायचे दुसरे मार्ग आहेत. आणि समुद्रावर आपण काय करतो? तांडेलाने ‘इंजिनाचा आवाज बरोबर नाही, परत फिरूया’ म्हटलं तर कुठला मालक त्याला निमित्त करतोस म्हणतो? परत फिरतो, कारण तिथे जिवाची गाठ असते. आरबैल घाटात, लोड गाडीत, पहाटे तीन वाजता, उतारावर किंवा वळणावर इंजिन जाम झालं असतं तर तिथेही जिवाचीच गाठ होती. मुलगा सपाटीला आल्यावर गाडी बंद पडली हे आपलं नशीब.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत. सचिव म्हणून हे आमचं मत आहे, निर्णय सभेचा.

एक, फेब्रुवारीच्या इतिवृत्तातलं ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे वाक्य दुरुस्त करावं, पुढची कपात थांबवावी आणि कापलेले 6,000 रुपये परत द्यावेत. दिवाळीआधी कापलेला अर्ध्या दिवसाचा पगारही.

दोन, गाडीत एक वही ठेवावी. निघण्याआधी ऑइलची पट्टी आणि पाणी बघून ड्रायव्हरने सही करावी, आणि माल चढवणाऱ्या संस्थेच्या माणसानेही करावी. जबाबदारी दोघांची. वाटेत नवीन आवाज आला तर कधी, कुठे, थंड की गरम, तेही लिहावं.

तीन, आवाज किंवा दिव्यामुळे थांबलेल्या वेळेचा पगार कापायचा नाही, असा ठराव करावा. संस्थेच्या गाडीसाठी आणि सभासदांच्या गाड्यांवर असलेल्या ड्रायव्हरांसाठीही मालकांनी तो मानावा.

चार, बंदी संपायच्या आत एक दिवस आपले जुने इंजिन ड्रायव्हर आणि एखादे मेस्त्री यांना बसवून सगळ्यांना आवाज ओळखायला शिकवावं. घरच्या बायकांनीही यावं. वर सांगितलेल्या वहिनींना आम्ही खास बोलावणार आहोत, कारण आमच्या पंधरा जणांच्या सभेला जे ऐकू आलं नाही ते त्यांना अंगण झाडताना ऐकू आलं.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनीही सभेला यावं आणि बोलावं, आम्ही ऐकून घेऊ. तोपर्यंत एवढं करा. उद्या सकाळी गाडी सुरू करताना रेडिओ बंद ठेवा, काच खाली करा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. आणि तुमच्या ड्रायव्हरचा वाटेतून फोन आला, ‘साहेब, आवाज येतोय’, तर पहिला प्रश्न ‘किती उशीर होईल?’ हा विचारू नका. ‘कसला आवाज येतोय?’ हे विचारा.

आपला,
सचिव